थेम्सकाठचे ॲबिंग्डन आणि एक जुनी मोटार

ऑक्सफर्डहून दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन हे टुमदार गाव वसले आहे. पंधराव्या शतकातला दगडी पूल ओलांडला की थोड्याच वेळात बाजारचौक येतो. चौकात काउंटी हॉलची उंच, देखणी इमारत उभी आहे. १६७८ ते १६८२ या काळात ती बांधली गेली. ॲबिंग्डन हे तेव्हा बर्कशायर परगण्याचे मुख्य गाव होते. वरच्या दालनात न्यायालय भरावे आणि खालच्या मोकळ्या कमानींत बाजार बसावा, अशी तिची योजना होती. न्याय आणि व्यापार यांना एकाच छपराखाली जागा देणाऱ्या त्या गावाची दृष्टी व्यवहारी म्हटली पाहिजे. राजघराण्यातील विशेष प्रसंगी या इमारतीच्या गच्चीवरून खाली जमलेल्या लोकांवर गोड पाव उधळण्याची प्रथा गावाने आजही जपली आहे.

आता या इमारतीत संग्रहालय आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर एक मोटार उभी आहे. ही ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेली शेवटची ‘एमजीबी’. डिसेंबर २०११ मध्ये क्रेनने उचलून, खिडकीतून अगदी काही इंचांच्या अंतराने ती आत घेण्यात आली. जिन्यावरून चढून आलेला प्रवासी प्रथम बुचकळ्यात पडतो. गावाचा इतिहास कळला की मात्र गाडीची जागा तीच योग्य होती हे त्याला पटते.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधील या व्यवसायाचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांना वेगवान आणि देखणे रूप देण्यास आरंभ केला. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला आला आणि पुढील पन्नास वर्षे गावाची चूल त्याच्यावर पेटली. १९६२ साली आलेली एमजीबी ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय गाडी ठरली. अठराशे सीसीचे इंजिन, ताशी शंभर मैलांच्या घरातला वेग आणि मध्यमवर्गाला पेलणारी किंमत, यांमुळे पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. हेच पुढे संकटाचे कारण ठरले. पौंड महागला, तेव्हा डॉलरमध्ये येणाऱ्या किमतीतून खर्चही निघेना. सप्टेंबर १९७९ मध्ये गावात कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा झाला, आणि तो आटोपतो न आटोपतो तोच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली.

कारखाना गेला, तरी गाड्या रस्त्यावर राहिल्या. त्या आजही धावतात, आणि त्यांना धावत्या ठेवण्याचे काम इंग्लंडमधील असंख्य घरांच्या गॅरेजांत सुट्टीच्या दिवशी चालते. त्यातलेच एक नेहमीचे काम म्हणजे क्लच मास्टर सिलिंडर बदलणे.

हा भाग मुठीत मावेल एवढा. चालक क्लचचे पेडल दाबतो तेव्हा सिलिंडरमधील दट्ट्या तेल पुढे ढकलतो. ते तेल नळीवाटे गिअरबॉक्सला लागून असलेल्या दुसऱ्या, अधिक व्यासाच्या सिलिंडरमध्ये जाते आणि क्लच सुटतो. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचे बळ पुढे पोहोचते. परंतु दट्ट्यावरील रबरी सील झिजले, अथवा तेलात शिरलेल्या दमटपणामुळे सिलिंडरची आतली भिंत गंजली, की तेल मागे सरकू लागते. पेडल हळूहळू तळाला जाते, गिअर टाकताना खरखर होते आणि चालकाच्या पायाशी तेलाचा ओलावा दिसतो. गर्दीच्या चौकात क्लच सुटेनासा झाला तर गाडी गिअरमध्येच अडकून राहते. मागून येणाऱ्या वाहनांपुढे ही गोष्ट थट्टेची नाही.

दुरुस्तीचा क्रम सरळ आहे. चालकाच्या पुढे, बॉनेटखाली पत्र्याचे एक झाकण असते. ते काढले की क्लच आणि ब्रेक यांचे सिलिंडर शेजारी शेजारी दिसतात. आधी जुने तेल काढून घ्यायचे, कारण ते रंगावर सांडले तर रंग उडतो. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचे. मग नळी सोडवायची, पेडलला जोडणाऱ्या खिळीची स्प्लिट पिन काढायची, दोन बोल्ट सोडवायचे आणि सिलिंडर उचलायचा. नवा बसवताना स्प्लिट पिन नवीच हवी.

जाणते कारागीर येथे एक गोष्ट आवर्जून तपासतात. वर्षानुवर्षांच्या वापराने पेडलमधील खिळीचे भोक लंबगोल झालेले असते आणि खिळीही झिजलेली असते. ती तशीच ठेवली तर पायाची अर्धी चाल त्या ढिलेपणातच खर्ची पडते, आणि नव्या सिलिंडरचा दोष नसताना तो बदनाम होतो. खालचा सिलिंडरही त्याच वयाचा असल्याने बहुतेक जण दोन्ही एकाच वेळी बदलतात. आज वाचवलेला खर्च काही महिन्यांत दुप्पट श्रम मागतो, हे हिशेबी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटी एअर काढायची. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल पोकळ लागते, कारण हवा दाबली जाते. एकाने वर पेडल हळू दाबायचे, दुसऱ्याने गाडीखाली निपल उघडायचे आणि पेडल सोडण्यापूर्वी ते बंद करायचे. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. या पद्धतीने हे काम एकट्याने नीट होत नाही. म्हणून वडील गाडीखाली आणि मुलगा किंवा मुलगी पेडलवर, असे दृश्य त्या देशात अनेक घरांतून दिसते. यंत्राची जाण पुढच्या पिढीकडे जाते ती अशीच.

हे सारे शक्य होते ते सुट्या भागांच्या व्यापारामुळे. जुन्या साच्यांवर एमजीबीचा संपूर्ण सांगाडा पुन्हा तयार करण्याचे काम ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ मध्ये सुरू केले. ती आता ॲबिंग्डनपासून फारशा दूर नसलेल्या विटनी येथे आहे. सिलिंडर, सील, नळ्या, खिळ्या पुरवणाऱ्या पेढ्या वेगळ्याच. गाडी बनवणारा कारखाना तोट्यात गेला. ती जपण्याचा व्यापार मात्र चार दशकांनंतरही चालू आहे, कारण त्याचे ग्राहक मोडलेली वस्तू टाकून देत नाहीत.

एमजी हे नाव आज भारतीय रस्त्यांवरही दिसते. २०१९ पासून गुजरातमधील हालोल येथे त्या नावाच्या गाड्या तयार होतात. मालकी बदलली, देश बदलला. ॲबिंग्डनमध्ये जुन्या कारखान्याच्या जागेलगत एमजी कार क्लबचे कार्यालय आहे. गावात उतरलेल्या प्रवाशाने संग्रहालयातील मोटार पाहून तेथवर पायी जावे. सुट्टीच्या दिवशी एखादी एमजीबी शेजारून निघून जाण्याचा संभव असतो, आणि तिचा गिअर आवाज न करता पडला, तर कोणीतरी आपले काम नीट केले आहे असे समजावे.