प्लग कुठे लावायचा?

३१ जुलै २०२४ ला टोयोटाने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला: आपल्या छत्रपती संभाजीनगरात हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना, गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी. तेव्हापासून माझ्या डोक्यात प्लग-इन हायब्रिडचा किडा वळवळतोय.

टोयोटाच्या प्रियसचंच बघा. इंजिन आणि दोन मोटर एकाच गिअरसंचात गुंफलेले. मधल्या गिअरला पहिली मोटर, त्याभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांच्या चौकटीला इंजिन, बाहेरच्या कड्याच्या बाजूला दुसरी मोटर आणि चाकं. पहिल्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आपल्या सोयीच्या वेगात राहतं. क्लचची कटकटच नाही!

प्लग-इन प्रकारात बॅटरी मोठी, घरी चार्ज होणारी. म्हणजे सिडको ते वाळूज रोजची ये-जा विजेवर आणि पुण्याचे जवळपास २३५ किलोमीटर पेट्रोलच्या भरवशावर. माझ्यासाठी अगदी फिट!

पण आमच्या पार्किंगमध्ये सॉकेटच नाही. चार्जच केली नाही, तर त्या मोठ्या बॅटरीचं ओझं पेट्रोल जाळूनच वाहायचं. तेव्हा ब्रोशर चाळण्याआधी सोसायटीची मीटिंग गाठा. मी तर विषय टाकलाय. बघू, किती हात वर होतात ते!