सी, डी, ई : एकाच घरातल्या तीन खोल्या



घरचा कॉम्प्युटर चालू केला की गेले काही दिवस एकच सूचना येत होती, सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. उघडून पाहिलं तर सीची पट्टी लालभडक. ९७.६ जीबीपैकी जेमतेम १ जीबी उरलेली. आणि शेजारच्या डीमध्ये निम्म्याहून जास्त जागा मोकळी! एकाच्या डब्यात तीन पोळ्या उरल्यात आणि शेजारचा उपाशी बसलाय, तशातली गत.

तुमच्याही घरी असं झालं असेल. म्हणून मी काय केलं, कुठे अडले आणि कुठे वाचले, ते सांगते.

आधी थोडं गणित. आमच्या डिस्कच्या खोक्यावर ५०० जीबी लिहिलं होतं, पण कॉम्प्युटर ४६५ च दाखवतो. यात फसवणूक नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. सीचा ९७.६ हा विचित्र आकडाही त्यातूनच आला. डिस्कचे भाग पाडताना कुणीतरी १,००,००० एमबी टाकले. त्याला १०२४ ने भागा, ९७.६ येतात. पुरते १०० जीबी हवे असतील तर १,०२,४०० टाकायला हवेत. उरलेल्या जागेत डी आणि ई, प्रत्येकी सुमारे १८४ जीबी.

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की 'डिस्क मॅनेजमेंट' दिसतं. तिथे हे भाग एका ओळीत डबे लावल्यासारखे दिसतात. मी डीवर उजवी क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडलं, ५१,२०० एमबी म्हणजे ५० जीबी कमी केले. एका मिनिटात काम झालं. मग ऐटीत सीवर गेले, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट! दाबताच येईना.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात चौकटीच्या कागदाची पट्टी कापली. एक चौकोन म्हणजे १० जीबी. सीचे १० चौकोन, डीचे १८, ईचे १८. डीच्या उजव्या टोकाचे ५ चौकोन खोडले आणि विचारलं, "हे सीला देता येतील का?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाही बाई, मध्ये डी बसलाय ना!"

अगदी हेच कारण होतं. विंडोजच्या या साधनात सीला वाढायचं तर रिकामी जागा त्याच्या लगेच उजव्या हाताला असावी लागते. माझी रिकामी जागा डीच्या पलीकडे पडली होती. एक मुलगी म्हणाली, "मग डीला उजवीकडे सरकवा." तेही करता येतं. जीपार्टेडसारखं मोफत साधन पेनड्राइव्हवरून चालवून डब्बाच सरकवता येतो. पण त्यात आतली माहिती उचलून पुढे मांडावी लागते. त्याला तासन् तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर सगळं धोक्यात. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि घरात यूपीएस नाही.

दुसरा मार्ग म्हणजे डी पुसून टाकायचा आणि पुन्हा बनवायचा. 'डिलीट व्हॉल्यूम'वर बाण नेला आणि हात थांबला.

डीमध्ये २०२०-२१ ची, शाळा बंद असतानाची, मुलांच्या वाचनाची रेकॉर्डिंग्ज होती. पालकांच्या फोनवरून आलेली. त्यातल्या एकात एक मुलगा धडा वाचतोय आणि मागून त्याची आजी त्याचे उच्चार सुधारतेय. त्या आजी आता नाहीत. त्यांचा तो जुना फोनही बिघडला. मागच्या दिवाळीत त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही हो. तुमच्याकडे असेल का?" शोधून देते म्हटलं होतं, आणि ते राहूनच गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, त्याची एक प्रत ईमध्ये ठेवायची, झालं. मीही कित्येक वर्षं तेच करत होते. पण २०१७ मध्ये आमची आधीची डिस्क अचानक बंद पडली. माझ्या पहिल्यावहिल्या वर्गाचे फोटो डीमध्ये होते आणि 'बॅकअप' म्हणून ईमध्येही होते. दोन्ही एकदमच गेले. कारण डी आणि ई या दोन डिस्क नव्हेतच. एकाच डिस्कवर आखलेल्या रेघा आहेत.

माझी आजी नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. एका खोलीत फळ्यांचं पार्टिशन घालून दोन केलेल्या. कागदपत्रांची एक ट्रंक अलीकडे, एक पलीकडे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा दोन्ही ट्रंका भिजल्या. आजी सांगायची, "ट्रंका दोन होत्या गं, पण घर एकच होतं." डिस्क बंद पडली त्या दिवशी मला ते वाक्य खऱ्या अर्थानं कळलं.

म्हणून या वेळी आधी बाहेरची हार्ड डिस्क विकत आणली. डीमधलं सगळं तिच्यावर उतरवलं. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार जुळवून पाहिला, चार-पाच फाइली उघडून ऐकल्या. ईमधलंही महत्त्वाचं तिथे ठेवलं. डीमध्ये कुठला प्रोग्रॅम बसवलेला नाही ना, तेही तपासलं. मगच डी पुसला, सीला ५१,२०० एमबी वाढवले, उरलेल्या जागेत 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून पुन्हा डी बनवला आणि सामान परत आणलं. आता सी १४७.६, डी १३४ आणि ई १८४. बेरीज तीच, ४६५.६!

तीन गोष्टींची मात्र काळजी घ्या. नव्या लॅपटॉपवर बहुधा 'रिकव्हरी' नावाचा छोटा भाग असतो, तो पुसू नका. बिटलॉकर चालू असेल तर ते आधी तात्पुरतं थांबवा आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवा. आणि डीभोवती हिरवी चौकट दिसली, तर त्या डिस्कची रचना वेगळी आहे. तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही, जाणकाराला सोबत घ्या.

तो पट्टीचा कागद आता वर्गात भिंतीवर लावलाय. तुमच्याही वर्गात करून पाहा. सलग जागा, बेरीज, भागाकार सगळं एका पट्टीत येतं. शेवटी मुलांना एक प्रश्न जरूर विचारा, "ही सगळी पट्टीच फाटली तर?"

ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून मी त्या आईला दिलं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये, बाहेरच्या डिस्कवर आणि त्यांच्या घरी, असा आजींचा आवाज आता तीन ठिकाणी आहे. तुमच्याकडे असं काही एकाच ठिकाणी पडून असेल, तर या रविवारी तेवढं काम उरकून टाका. भिंती नंतर सरकवता येतील.