चिवट बुरशी, चिवट संशोधन

दिल्ली, ऑगस्ट. हवा दमट, बुरशीला हवी तशी. आज काचेच्या बशीत वाढलेली कॅन्डिडा ऑरिस बराच वेळ पाहत बसले. पांढरट, गुळगुळीत ठिपके. दिसायला अगदी साधे. पण अतिदक्षता विभागात हीच यीस्ट प्रकारची बुरशी भल्याभल्या डॉक्टरांची झोप उडवते.

२००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ती प्रथम ओळखली गेली. दिल्लीतल्या रुग्णांच्या रक्तातही ती सापडते, हे वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलं. पुढे त्यांनी तिचा माग थेट अंदमानच्या वाळूत आणि खाजणात काढला. निसर्गातली ती पहिली नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एक प्रश्न वर्षानुवर्षं असा लावून धरणं, हीच मला संशोधकाची खरी कमाई वाटते.

माग लागला तरी तिला मारणं सोपं नाही. बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती. म्हणून तिला मारेल पण आपल्याला जपेल असं औषध सापडणं मुश्कील. हाताशी औषधांचे प्रकार मोजकेच, आणि तेही आपण वाया घालवतो. गजकर्ण, म्हणजे त्वचेवरचा बुरशीचा संसर्ग, झाला की दुकानातून बुरशीनाशकात स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणायचं, खाज थांबली की सोडून द्यायचं. त्याने बुरशी मरत नाही, पसरते.

तेव्हा कळकळीने सांगते, असलं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका आणि दिलेले उपचार अर्ध्यावर सोडू नका.