पहिली कोण हलली?

संपादकांना माझ्याकडून ‘आयुष्यातील अडथळे आणि जिद्द’ अशा धर्तीचं काही हवं होतं. मी म्हटलं, अहो, मी स्टार्टर आहे. शर्यत सुरू करून देणारा माणूस. महिलांच्या 100 मीटर हर्डल्समध्ये पहिला अडथळा रेषेपासून 13 मीटरवर असतो आणि माझं काम त्याच्या पुष्कळ अलीकडे संपलेलं असतं. ते हसून म्हणाले, “मग त्या 13 मीटरांवर लिहा.” लिहितो. पण तिथे हांगझोचा विषय टाळता येणार नाही. लोक लग्नात, बँकेच्या रांगेत मला गाठून त्याबद्दल विचारतात आणि दर वेळी चुकीचाच प्रश्न विचारतात.

आधी घटना. 1 ऑक्टोबर 2023, हांगझोची आशियाई क्रीडा स्पर्धा, महिलांच्या हर्डल्सची अंतिम फेरी. यजमान चीनची वू यान्नी बार होण्याआधीच ब्लॉक सोडून निघाली. तिच्या पाठोपाठ आपली ज्योती याराजीही निघाली. पंचांनी आधी दोघींनाही बाद ठरवलं. दोघींनी वाद घातला, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि शेवटी दोघींनाही पळू दिलं. लिन युवेई 12.74 सेकंदांत पहिली, वू दुसरी आणि ज्योती 12.91 सेकंदांत तिसरी आली. शर्यतीनंतर वू बाद झाली आणि ज्योतीचं कांस्य रौप्य झालं.

लोकांचा प्रश्न असा: “चिन्यांनी आपल्या पोरीला बाद करायचा डाव टाकला होता ना?” मग त्याच मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, घरच्याच लाडक्या खेळाडूचं पदक कुणी काढून घेतलं? विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जो निर्णय शर्यतीनंतर झाला, तो आधी का झाला नाही?

त्यासाठी थोडं तांत्रिक सांगावं लागेल. पूर्वी प्रत्येक धावपटूला एक फॉल्स स्टार्ट माफ असे. 2003 पासून सगळ्यांत मिळून एकच माफ झाला. त्यानंतर जो चुकेल तो बाद. 2010 पासून तीही सवलत गेली. पहिल्याच चुकीला घरी. 2011 मध्ये डेगूच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत उसेन बोल्टसुद्धा 100 मीटरच्या अंतिम फेरीतून असाच बाहेर गेला.

मोठ्या स्पर्धांत ब्लॉकला यंत्र जोडलेलं असतं. पायाने ब्लॉकवर दिलेला जोर ते मोजतं. बार झाल्यापासून 0.100 सेकंदाच्या आत जोर नोंदला गेला, की स्टार्टरच्या कानातल्या हेडफोनमध्ये टूं वाजतं. आवाज ऐकून त्याहून लवकर कुणी हलू शकत नाही, असं नियम मानतो. बार सगळ्यांना एकदम ऐकू यावा म्हणून प्रत्येक ब्लॉकमागे स्पीकर असतो, कारण पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये साडेआठ मीटरचं अंतर असतं आणि तेवढं कापायला आवाजाला 0.025 सेकंद लागतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या याच हर्डल्समध्ये सुवर्ण 12.33 ला, रौप्य 12.34 ला आणि कांस्य 12.36 ला गेलं. आता त्या 0.025 चं मोल करा. आमच्या तालुक्याच्या मैदानावर अर्थात स्पीकरही नसतो आणि यंत्रही. लाकडी क्लॅपर असतो आणि मी असतो.

हा 0.100 चा आकडा म्हणजे माझं जुनं दुखणं. 2022 मध्ये युजीनच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत पुरुषांच्या हर्डल्सच्या अंतिम फेरीत डेव्हन अ‍ॅलन 0.099 सेकंदाला बाद झाला. एक हजारांश! फिनलंडच्या संशोधकांनी 2009 मध्येच ही मर्यादा 0.080 ते 0.085 पर्यंत खाली आणायला हवी असं सुचवलं होतं. बायकांच्या बाबतीत गंमत उलटी आहे. बीजिंग ऑलिंपिकमधल्या नोंदी तपासून 2011 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी मांडलं, की पुरुषांची खरी मर्यादा 0.109 च्या आसपास आणि बायकांची 0.121 च्या आसपास दिसते. कारण बायकांचे कान मंद असतात असं नव्हे. यंत्राला हालचाल कळायला ठरावीक जोर लागतो, आणि तेवढा जोर भरायला त्यांना किंचित जास्त वेळ लागतो. म्हणजे एखादी बाई अंदाजाने आधी निघाली, तरी यंत्राच्या हिशेबात ती 0.100 च्या पलीकडे बसू शकते. एकच आकडा पुरुषांना जाच आणि बायकांना मोकळीक. यावर मी तासभर बोलू शकतो, बोललोही आहे. घरचे उठून जातात.

मुद्दा असा, की यंत्र पायाचा जोर मोजतं. नजर कुणाची आधी चळली, खांदा कुणाचा पुढे झुकला, हे त्याला दिसत नाही. ते मला बघायचं असतं. ‘सेट’ म्हटल्यावर आठ जणींच्या कमरा वर येतात. मी चेहऱ्यांकडे बघत नाही. रेषेमागे टेकलेली बोटं बघतो. दाब वाढला की नखं पांढरी होतात. सगळ्या स्थिर झाल्या की बार. एखादी शेवटपर्यंत डोलत राहिली तर बार करायचाच नाही. ‘स्टँड अप’ म्हणून सगळ्यांना उठवायचं.

नियमपुस्तकात एक टीप आहे, जी कुणी वाचत नाही. एक धावपटू चुकून निघाला की बाकीचेही त्याच्या मागे ओढले जातात आणि काटेकोर अर्थाने त्यांचाही फॉल्स स्टार्ट होतो; पण स्टार्टरने त्याच्या मते जे त्याला जबाबदार आहेत त्यांनाच शिक्षा द्यावी. एसटी स्टँडवर एक जण पिशवी उचलून उठला, की गाडी लागलेली नसतानाही निम्मा बाक उठतो, तसंच हे. बाराची वाट बघणारं शरीर बाजूची हालचालही बार समजून घेतं. यंत्राच्या कागदावर दोघी दोषी दिसल्या, तरी टिपेनुसार दोषी एकच. पहिली कोण हलली, एवढंच ठरवायचं असतं.

आता हांगझो बघा. पहिली चूक म्हणजे दोघींना एका मापाने मोजलं. दुसरी म्हणजे दोघींना एका मापाने सोडलं. निषेध नोंदवून पळायची मुभा नियमात आहे, पण यंत्राने चूक दाखवली असेल आणि यंत्रच बिघडलंय असं वाटत नसेल, तर ती द्यायची नसते. वूला मुभा दिल्याने ‘घरच्या मुलीला सांभाळलं’ असा बोभाटा झाला. त्याहून वाईट म्हणजे ज्योतीला आपण शर्यतीत आहोत की नाही हे माहीत नसताना दहा अडथळे ओलांडावे लागले.

हर्डल्समध्ये हे इतर शर्यतींपेक्षा महागात पडतं. पहिल्या अडथळ्यापर्यंत आठ पावलं, पुढे दर साडेआठ मीटरवर अडथळा आणि मधे तीनच पावलं. मागे पडलात म्हणून चौथं पाऊल टाकता येत नाही आणि तीनातलं एकही फार लांबवता येत नाही. वेग वाढवायचा तर फक्त पावलांची चपळाई वाढवायची. सुरुवातीला डोकं ठिकाणावर नसेल, तर दुरुस्तीला जागा नाही. जाता जाता, अडथळा पडला म्हणजे बाद, हा समजही सोडा. साधारण 3.6 किलोच्या जोराने तो पडावा अशीच त्याची रचना असते. हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या बाजूने अडथळा पाडला किंवा दुसरीला त्रास झाला तरच गुन्हा.

ज्योतीचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा 12.78 होता, दोनच महिन्यांपूर्वी चेंगडूला झालेला. हांगझोत 12.91. मधले 0.13 सेकंद त्या गोंधळाने खाल्ले असं मी म्हणणार नाही, लिनची 12.74 ही वेळ विक्रमाहूनही सरस होती. नियमपुस्तकाशी ज्योतीची गाठ तशी जुनीच. 2022 मध्ये कोळिकोडला तिने 13.09 वेळ दिली; वारा सेकंदाला 2.1 मीटर निघाला, मर्यादा 2.0. विक्रम गेला. मग मे महिन्यात सायप्रसला 13.23 सेकंदांत पळून तिने अनुराधा बिस्वाल यांचा 2002 पासूनचा 13.38 चा विक्रम मोडला. तिथे वारा नियमात होता. कोळिकोडला तिने वाद घातला नाही, हांगझोत घातला, आणि दोन्ही वेळी बरोबर केलं.

आणि मी तिथे असतो तर? चहाच्या टेबलावर मी लगेच वूला एकटीला लाल-काळं कार्ड दाखवतो. भरल्या स्टेडियममध्ये, हेडफोन कानात वाजत असताना, सगळ्यांचे डोळे माझ्यावर असताना तेच केलं असतं, अशी छातीठोक ग्वाही देववत नाही.

पंचांच्या शिबिरात हल्ली मी हा प्रश्न हमखास घालतो: ‘लेन चारमधली बाराआधी निघाली, तिला पाहून लेन पाचमधली निघाली. निर्णय द्या.’ निम्मे लोक लिहितात, दोघी बाद. काही लिहितात, चित्रफीत पाहून नंतर ठरवू. त्यांना मी शून्य देतो. दोघींना बाद करणाऱ्यांना अर्धे गुण देतो, कारण निर्णय चुकला तरी त्यांनी तो स्टार्टरच्या स्टँडवर उभं राहून घेतला.