कोडियाकची तयारी

1.
कोडियाक, अलास्का. सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचे बेट. रस्ते फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात. बाकी सगळीकडे होडी, नाहीतर पाण्यावर उतरणारे छोटे विमान.

2.
हरणे मूळची इथली नाहीत. 1924 ते 1934 या काळात आग्नेय अलास्कातून आणून सोडली. शिकारीचा पहिला हंगाम 1953 साली. अस्वले मात्र इथलीच. सुमारे साडेतीन हजार.

3.
हरणांच्या शिकारीसाठी नोव्हेंबरचा मध्य धरला आहे. नर माजावर आलेले असतात, बर्फ पडला की हरणे डोंगरावरून खाली सरकतात, रान झडून मोकळे झालेले असते.
सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या सुमारास मावळतो.

4.
आईचा फोन. ‘अरे, हरीण मारायला बंदी नाही का तिकडे?’ भारतात 1972 चा कायदा आहे. इथे ठरलेला हंगाम आहे, परवाना आहे, आणि किती हरणे मारायची याची मर्यादा आहे. तिला सगळे सांगितले. ‘मग खाणार ना सगळं?’ एवढेच तिने विचारले.

5.
लोकरीचे मोजे. उंच गमबूट. दोर. दोन चाकू, धारेचा दगड. मांसासाठी कापडी पिशव्या. हेडलॅम्प, आणि आणखी एक हेडलॅम्प. तंबूभोवती लावायचे विजेचे कुंपण. सॅटेलाइट फोन.
सुती कपडा एकही नाही.

6.
स्टोव्हचे इंधन आणि अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात चालत नाही. दोन्ही कोडियाक गावात उतरल्यावर घ्यायचे.

7.
छोट्या विमानाचा पायलट वजन विचारतो. सामानाचे आणि माणसांचेही. परतीच्या वजनात मांस धरायचे.

8.
पायलटने परतीची तारीख दिली आणि लगेच म्हणाला, ‘हवा बरी असली तर.’ शिध्यात काही दिवसांची भर.

9.
गाभण अस्वलिणी आधी गुहेत जातात, नर उशिरा. काही नर हिवाळाभर बाहेरच असतात. बंदुकीच्या आवाजाच्या रोखाने अस्वल येते, असे इथले शिकारी सांगतात.

10.
म्हणून कामे वाटून घेतली. एकाने सोलायचे, दुसऱ्याने उभे राहून चारी बाजूंना लक्ष ठेवायचे. मांस आतड्यांपासून लगेच दूर न्यायचे. तंबूत तुकडाही ठेवायचा नाही. मागे ठेवलेल्या मांसाकडे परत जाताना आधी दुर्बिणीतून पाहायचे. अस्वल तिथे बसले असेल, तर मांस त्याचे.

11.
तंबू भरतीच्या रेषेच्या बराच वर. भरती-ओहोटीचे वेळापत्रक वहीत उतरवून घेतले.

12.
चारही पाय, मान, छाती, बरगड्या, पाठ: खाण्याजोगे सगळे मांस आणणे कायद्याने बंधनकारक आहे. मांसाआधी शिंगे हलवायची नाहीत.

13.
प्रौढ नर सरासरी 54 किलोंचा. वाटेत दलदल, आल्डरची गुंतलेली झुडपे आणि उतार. एका खेपेत होत नाही.

14.
1998-99 च्या कडक हिवाळ्यात बेटावरची हरणे मोठ्या संख्येने मेली. किनाऱ्यावर येऊन समुद्री शेवाळ खाऊनही जगली नाहीत.

15.
आमच्यात ठरलेला नियम: दुपारी दोननंतर तळापासून लांब गोळी झाडायची नाही, समोर कितीही मोठा नर असो.

16.
कोणी जाणार असेल, तर त्यालाही हेच सांगेन. अंधार पडण्याआधी जे हरीण किनाऱ्यापर्यंत आणता येणार नाही, त्याच्यावर बंदूक रोखू नका.