कूच व विसांवा

प्रशियाच्या सैन्यांतील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनीं १८५५ सालीं एक चमत्कारिक व्यथा नमूद करून ठेविली. लांब कूच करून आलेल्या शिपायांचीं पावलें सुजत व दुखत. परंतु मार लागल्याची खूण कोठें आढळत नसे. पुढें १८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधिले, आणि १८९७ सालीं श्टेखोव्ह यांनीं त्यांच्या साह्यानें दाखवून दिलें कीं, पावलाच्या लांबट हाडांसच चीर गेलेली असते.

घाव बसल्यावांचून हाड मोडतें कसें? हाड हा निर्जीव दगड नव्हे. त्यावर नवा भार पडूं लागला म्हणजे शरीर प्रथम जुना भाग कोरून काढतें व मग नवा भरतें. कोरण्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकतें. भरण्यास मात्र महिने लागतात. दुरुस्तीसाठीं उकरलेल्या भिंतीवर माडी चढवावी, तशी नव्या रंगरुटाची स्थिति होते. म्हणूनच शिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांत ही व्यथा विशेष आढळते. नडगी, पाऊल व मांडीच्या हाडाची मान हीं तिचीं ठिकाणें. पैकीं शेवटचें फार धोक्याचें.

आमच्या शाळेंतून उत्तीर्ण झालेले कितीएक मुलगे व मुली सैन्यभरतीसाठीं पहाटे डांबरी सडकेवर धांवतात. त्यांचा उत्साह पाहून माझें मन भरून येतें. परंतु भरती हुकेल या भीतीनें कित्येक जण दुखणें लपवितात, याची चिंताही वाटते. सोशिकपणास मी मोठा सद्गुण मानतों; मात्र सोसणें आणि लपविणें एक नव्हे. एकाच जागीं बोट ठेवतांच कळ येते आणि धांवतांना ती वाढते, असें झाल्यास डॉक्टरांस सांगणें हा भ्याडपणा खचित नव्हे. आरंभीं क्ष-किरणांच्या चित्रांत चीर दिसेलच असें नाहीं. एमआरआय तपासणींत ती लवकर कळते.

पालकांनींही मुलांच्या दुधाकडे, नाचणीकडे व झोंपेकडे लक्ष पुरवावें. अमेरिकेच्या नौदलांतील शिकाऊ तरुणींवरील एका प्रयोगाचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिलेल्यांत ही व्यथा सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळली.

मुलांनो, अवश्य धांवा. पण अंतर हळूहळू वाढवा आणि दुखलें तर बोला. कांहीं आठवड्यांच्या विसांव्यानें बहुधा भरून येणारी चीर हट्टापायीं वाढूं देऊं नका.