पाषाणमधली हिमनदी

माझी धाकटी बहीण हिमनद्यांवर पीएचडी करते. पुण्यात. हो, घ्या हसून! नातेवाइकांचं हसून झालंय, तुम्हीच का मागे राहा? पण पाषाणच्या 'आयसर'मध्ये खरंच असा ग्रुप आहे, हिमालयातला बर्फ कसा वाहतो आणि कसा आटतो याचं गणित मांडणारा. वर्षातला बहुतेक वेळ कम्प्युटरसमोर. उरलेला, आमच्या बाईसाहेबांच्या बाबतीत तरी, बद्रीनाथच्या पुढे सतोपंथ ग्लेशियरवर.

गेल्या वर्षी सुट्टी टाकून मीही तिच्यासोबत तो ट्रेक केला. माणा गावातून निघायचं, वसुधारा, लक्ष्मीवन, चक्रतीर्थ आणि मग सतोपंथ ताल. पांडव स्वर्गात गेले ती हीच वाट म्हणे. माझ्या डोक्यात पांढराशुभ्र, चकचकीत बर्फ होता. प्रोफाइल फोटोची पोझही ठरली होती. प्रत्यक्षात समोर काय, तर वाघोलीची खडी! नजर जाईल तिथवर नुसते दगडधोंडे.

''ग्लेशियर कुठाय गं?''

''ताई, तू त्याच्यावरच उभी आहेस.''

हिमालयातल्या कित्येक हिमनद्यांचा खालचा भाग असा दगडमातीखाली दडलेला असतो. कड्यांवरून हिमकडे कोसळतात, सोबत दगड घेऊन येतात. सतोपंथला तर बर्फाचा मोठा पुरवठा याच कोसळण्यातून होतो. आता गंमत बघा. बर्फावर मातीचा अगदी पातळ थर असला तर तो ऊन शोषतो आणि बर्फ जास्तच वितळतो. थर जाड झाला की मात्र तो गोधडीचं काम करतो. बर्फाची लादी भुशात ठेवायचे ना, तसं.

त्यामुळे होतं काय, की अशा हिमनदीचं टोक वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. फोटो काढा, जुन्या फोटोशेजारी ठेवा, सगळं छान! पण आतून ती बारीक होत असते. बर्फ आपल्याच वजनाने उताराकडे सरकतो. जाडी कमी झाली की रेटा कमी, रेटा कमी झाला की वेग कमी. वरून येणारा माल आटतो आणि खालचा भाग जागच्या जागी झिजत बसतो. या ग्रुपचे बॅनर्जी सर आणि चेन्नईचे आर. शंकर यांनी 2013 च्या पेपरमध्ये हेच दाखवलं, की टोक स्थिर आहे म्हणून हिमनदी ठणठणीत आहे असं समजू नका. पुढे 2019 मध्ये सॅटेलाइटच्या फोटोंवरून झालेल्या एका अभ्यासात आशियातल्या उंच पर्वतरांगांच्या 11 पैकी 9 भागांत हिमनद्यांचा वेग मंदावलेला दिसला.

आमचे काका मात्र अजून 2035 वर अडकलेत. 2007 च्या आयपीसीसी अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत संपतील असं वाक्य होतं आणि 2010 मध्ये ते चूक म्हणून मागे घ्यावं लागलं. तेव्हापासून काकांच्या मते सगळंच थोतांड. बहीण वाद घालत नाही. ''काका, मी काठ्या मोजते,'' एवढंच म्हणते.

खरंच काठ्या. बर्फात खोल भोक पाडून काठी रोवायची, नंतर येऊन ती किती बाहेर आली ते टेपने मोजायचं. जेवढी बाहेर, तेवढा बर्फ गेला. कधी काठी आडवी पडते, कधी सापडतच नाही. हिंजवडीत माझ्या बॉसला वर्षभराने एवढाच डेटा दाखवला तर तो मलाच शोधत बसेल!

आणि खरी अडचण इथेच आहे. फेलोशिप पाच वर्षांची. हिमनदीला हवामानातल्या बदलाचा हिशेब चुकता करायला दशकं लागतात. तिचं हे पाचवं वर्ष. बाबा मार्चमध्ये रिटायर झाले. फ्लॅटचा ईएमआय मी भरते, त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नाही, पण सगळ्यांना आकडा पाठ आहे. ऑगस्टमध्ये तिला एका विमा कंपनीची ऑफर आली. रिस्क मॉडेलिंग, पगार माझ्यापेक्षा जास्त. उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. आई म्हणाली, ''घे.'' बाबा काहीच म्हणाले नाहीत. मी म्हटलं, तुझं तू ठरव. माझा ईएमआय माझा आहे, तो मध्ये आणू नकोस.

ती काही न ठरवता सप्टेंबरमध्ये वर निघून गेली. फॉर्मवर दुसरा नंबर माझा दिला होता, त्यामुळे काल एचआरचा फोन मला. अगदी गोड आवाज. मॅडमचा फोन लागत नाहीये, त्या जॉइन होतायत ना?

माणाच्या पुढे तिला रेंज नसते, म्हटलं. अजून सतरा काठ्या राहिल्यात.

''सॉरी, कसल्या काठ्या?''

मग काय, मी लंच टाइम संपेपर्यंत त्यांना ते भुशातल्या लादीपासून सांगत बसले.